जुन्या कॅनव्हासच्या जागी मापाने शिवलेलं बोटीचं कव्हर: दोन पावसाळ्यांनंतरचं परीक्षण

बोट साडेअठरा फुटी, म्हणजे ५.६ मीटर लांब. फायबरची, उघडी, मध्ये स्टिअरिंगचा कन्सोल आणि मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेर लटकणारी मोटर. सर्वांत रुंद जागी २.२ मीटर. मालवणच्या किनारपट्टीवर अशा बोटी सप्टेंबरपासून मेपर्यंत पाण्यात असतात आणि जून ते ऑगस्ट ट्रेलरवर चढवून माडाच्या वाडीत उभ्या राहतात. लाकडी होड्या पूर्वी झापांनी, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांनी, शाकारत. आता झापांची जागा ताडपत्रीने घेतली असली तरी काम तेच आहे: तीन महिने कोसळणारा पाऊस बोटीत साचू द्यायचा नाही आणि आतली हवा कोंडू द्यायची नाही. या दोन्ही गोष्टी एकाच कापडाकडून करून घेणं अवघड आहे, आणि मापाने शिवलेल्या कव्हरला जास्त पैसे मोजायचे ते त्यासाठीच.

या बोटीवर आधी मेणवलेल्या सुती कॅनव्हासचं, पितळी रिंगांचं चौकोनी कव्हर होतं. ते उतरवल्यावर फेकून देण्याआधी जमिनीवर पसरून नीट पाहायला हवं, कारण नव्या कव्हरचा निम्मा आराखडा त्यावर आधीच उमटलेला असतो. कन्सोलच्या दोन वरच्या कोपऱ्यांवर भोकं, दोर बांधायच्या खुंट्यांवर घासून विरलेलं कापड, मागच्या दोन्ही कोपऱ्यांत फाटलेल्या रिंगा, मध्यभागी पाणी साचून पडलेला कायमचा खोलगट झोळ. शिवणी दोन्ही बोटांनी ताणल्या की दोरा तुटतो. कापड मात्र त्याच जागी अजून तग धरून असतं. हा क्रम जवळपास प्रत्येक जुन्या कव्हरमध्ये दिसतो. आधी दोरा जातो, मग घासणीच्या जागा, मग मेण, आणि सगळ्यात शेवटी कापड. म्हणून कव्हर शिवून घेताना ‘कापड कुठलं’ हा प्रश्न आपण समजतो तितका मोठा नाही. दोरा कुठला, आधार कसा, घासेल तिथे काय लावणार, हे प्रश्न त्याहून मोठे आहेत.

तरीही कापडाबद्दल थोडं. सुती कॅनव्हासचा एक गुण आजही कुणाला जमलेला नाही: ओलं झालं की सूत फुगतं आणि सुईची भोकं आपोआप बंद होतात. पण ते ओलं राहिलं की कुजतं, आकसतं, वाळलं की सैल पडतं, आणि भिजल्यावर दोन माणसांनाही उचलवत नाही. निळी प्लास्टिकची ताडपत्री एका पावसाळ्यासाठी ठीक. ती उन्हात तडकते, वाऱ्यात फडफडून जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत वरचा थर) घासते आणि आत घाम धरते. ट्रकच्या हुडासाठी वापरतात ते पीव्हीसीचा लेप दिलेलं पॉलिएस्टर मजबूत आणि पूर्ण जलरोधक असतं, पण हवा अजिबात जाऊ देत नाही. कोकणच्या जुलैमध्ये त्याखाली आठवडाभरात गाद्यांवर बुरशी दिसते. जिथे बोट उघड्यावर आहे आणि धूळ-घासणी जास्त आहे, तिथे ते मोठ्या हवाझडपांसह चालतं.

इथे निवडलं ते सनब्रेला या ब्रँडचं सागरी वापराचं ॲक्रिलिक कापड. त्याचा रंग कापड विणल्यानंतर चढवलेला नसतो. धागा बनण्याआधीच मूळ मिश्रणात रंग मिसळतात, म्हणून ऊन लागून तो लवकर विटत नाही. वजन चौरस मीटरला साधारण ३१५ ग्रॅम. कंपनी कापडावर दहा वर्षांची हमी देते. शिलाई आणि मजुरी त्या हमीत येत नाही, हे बिल करताना लक्षात ठेवावं. आणखी एक गैरसमज खोडायला हवा. हे कापड जलरोधक नाही, ते पाणी झटकणारं आहे. उतारावर पाणी घरंगळून जातं. तेच पाणी त्यावर साचून राहिलं किंवा आतून काही टेकलेलं असलं, तर झिरपतं. त्यामुळे या कापडाचं यश उतारावर अवलंबून आहे आणि उतार कापडात नसतो, तो खालच्या आधारात असतो.

आधाराकडे म्हणूनच सगळ्यात जास्त लक्ष द्यावं. आमच्या मते या कामातला सर्वांत चांगला निर्णय इथेच झाला. कारागिराने साचा घेण्याआधी आधार उभा केला. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, मागच्या फळीपर्यंत बोटीच्या मध्यरेषेवर ५० मिलिमीटर रुंद पॉलिएस्टर पट्टा ताणला, त्याखाली ॲल्युमिनियमचे लांबी कमीजास्त होणारे तीन खांब दिले आणि खांबांच्या तळाशी रबरी बूट व त्याखाली प्लायवूडचा तुकडा ठेवला, म्हणजे फरशीवर दाब एकाच बिंदूवर येत नाही. हा ताणलेला पट्टा म्हणजे कव्हरचा कणा, काठापासून ६० सेंटीमीटर उंच. बोटीची अर्धी रुंदी ११० सेंटीमीटर, म्हणजे उतार साधारण २८ अंशांचा. कौलारू छपराला जो उतार लागतो त्याच्या जवळपासचा. नाळेकडे बोट निमुळती होते, तिथे कणा हळूहळू खाली आणला तरी उतार टिकतो. कन्सोल कण्यापेक्षा उंच असेल तर मात्र कन्सोलचा माथा हाच सर्वोच्च बिंदू धरावा आणि पुढचा-मागचा खांब त्याच्या हिशोबाने लावावा. नाहीतर कन्सोलच्या पाठीशी हमखास खळगा पडतो.

खळग्याचं गणित एकदा करून पाहावं. एक मीटर व्यासाचा आणि मध्ये फक्त १५ सेंटीमीटर खोल असा झोळ पडला, तर त्यात सुमारे ६० लिटर पाणी मावतं. म्हणजे ६० किलो वजन शिवणींना लटकतं, कापड आणखी ताणतं, झोळ आणखी खोल होतो आणि पुढच्या सरीत दुप्पट पाणी धरतो. कव्हर फाटतं ते अशा एका रात्रीत. दोष मात्र कापडाला मिळतो.

साचा घेण्याची पद्धत पाहूनच कारागीर ओळखता येतो. जुनं कव्हर नेऊन ‘याच मापाचं शिवून देतो’ म्हणणाऱ्याकडे काम देऊ नये. जुनं कापड ताणलेलं आणि आकसलेलं असतं, त्यावरून कापलेलं नवं कव्हर जुन्याच्या चुकांसकट येतं. फक्त लांबी-रुंदी विचारणाऱ्याकडेही देऊ नये. योग्य पद्धत अशी: आधार उभा केल्यावर पारदर्शक, न ताणणारं जाड प्लास्टिक बोटीवर पसरायचं, मधल्या पट्ट्यावर चिकटपट्टीने पक्कं करायचं आणि मग चुण्या काढत बाजूच्या रबरी पट्टीपर्यंत खाली आणायचं. त्यावर मार्करने मध्यरेषा, रबरी पट्टीची खालची कड, प्रत्येक खुंटी, खांबांचे माथे, कन्सोलचे कोपरे आणि ट्रेलरचे अडथळे खुणा करून घ्यायचे. जिथे दोन तुकडे जोडले जाणार, तिथे दर ३० सेंटीमीटरला आडव्या जुळणीच्या रेघा मारायच्या. या रेघा नसल्या की शिवताना एक तुकडा दुसऱ्यापुढे सरकतो आणि ५ मीटरच्या शिवणीच्या शेवटी ३-४ सेंटीमीटरचा फरक पडतो. तो फरक ओढून बसवला जातो आणि मग एका बाजूला कायमची सुरकुती राहते, जिच्यात पाणी थांबतं.

कापडाचा हिशोब आपणही करावा, म्हणजे बिलातले मीटर तपासता येतात. कण्यापासून काठापर्यंत उताराची लांबी १२५ सेंटीमीटर, काठाखाली १५, नेफ्याची दुमड ४ आणि मधल्या शिवणीचा वाव अडीच. म्हणजे एका बाजूला साधारण १४७ सेंटीमीटर. कापडाचा पन्हा (रुंदी) १५२. बरोबर बसतं, त्यामुळे उभी एकच शिवण येते आणि तीही कण्यावर, जिथे पाणी थांबत नाही. लांबीला पुढचा-मागचा झुकाव आणि दुमड धरून ६.३ मीटर, दोन पट्टे म्हणजे १२.६. मोटरचं वेगळं टोपण, घासणीची ठिगळं, खांबांच्या टोप्या, झडपा धरून १५ मीटर. बोट यापेक्षा १५ सेंटीमीटर जरी रुंद असती तरी हा हिशोब मोडला असता आणि बाजूला आणखी एक पट्टी जोडावी लागली असती.

ॲक्रिलिक कात्रीने कापलं की कड उसवते. गरम सुरीने कापलं तर धागे वितळून कड बंद होते. या कव्हरच्या आतल्या कडा तपासल्या तेव्हा सगळीकडे ती वितळलेली कडक रेघ दिसली. हे चांगलं लक्षण.

आता शिवण. दोरा पॉलिएस्टरचा, ऊन सोसणारा, जाडी व्ही-१३८. याहून बारीक व्ही-९२ हलक्या कामाला चालतो, पण कोकणातल्या मार्च ते मेच्या उन्हात जाड दोरा जास्त टिकतो, कारण ऊन दोऱ्याचा फक्त वरचा थर खातं आणि जाड दोऱ्यात आत शिल्लक राहते. उन्हाने अजिबात न खराब होणारा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोराही मिळतो. तो खूप महाग आहे, घसरडा असल्याने मशीनचा ताण पुन्हा बसवावा लागतो, आणि ज्याने तो आधी वापरलेला नाही त्याच्याकडून आपल्या कव्हरवर शिकून घेऊ नये. सुती दोरा किंवा साध्या शिंप्याकडचा पॉलिएस्टर दोरा अजिबात नको. टाका ४ ते ५ मिलिमीटर. लहान टाका मजबूत वाटतो, पण प्रत्यक्षात तो कापडाला तिकिटासारखी भोकं पाडतो.

मधली शिवण जीन्सच्या बाजूला असते तशी, दोन्ही कडा एकमेकींत दुमडून दुहेरी टाक्याची. अशी शिवण घालण्याआधी दुमडीत दुहेरी चिकटपट्टी लावली होती. तिने तुकडे सरकत नाहीत आणि भोकांतून झिरपणंही कमी होतं. नाळेजवळच्या आडव्या जोडांत दुमडीचं तोंड खालच्या, म्हणजे पाणी वाहून जाण्याच्या दिशेला आहे. कौलं रचताना वरचं कौल खालच्यावर येतं तसंच. हे उलटं झालं तर प्रत्येक जोड ही एक पन्हळ बनते. कव्हर ताब्यात घेताना हाताचं बोट उतारावरून खाली घासत न्यावं. ते कुठेही कडेला अडकलं तर ती शिवण उलटी आहे.

नाळेवर आठ पदरी जाडी एकत्र येते. साध्या मशीनवर तिथे टाके सुटतात. वॉकिंग फूटचं मशीन असेल तर खालचा आणि वरचा थर बरोबर सरकतो. हे काम अशा मशीनवर झालं आहे, तरी नाळेच्या टोकाशी ४ टाके सुटलेले आढळले. दाखवल्यावर दुरुस्त करून मिळाले. पहिल्या पावसात मधल्या शिवणीतून काही थेंब आत आले, आणि हा दोष मानू नये. सूत फुगून भोकं बंद करतं, ॲक्रिलिक करत नाही. शिवणीवर आतून मेणाची कांडी घासली की थांबतं.

घासणीच्या जागी कारागिराने काय केलं ते तपशिलाने सांगण्यासारखं आहे. जुन्या कव्हरवरच्या भोकांची मापं घेऊन नव्यात आतून ठिगळं दिली: खुंट्यांवर गुळगुळीत रेक्झिन, कन्सोलच्या पारदर्शक काचेवर मात्र मऊ कापड, कारण रेक्झिनखाली वाळूचा कण अडकला तर काचेवर कायमचे ओरखडे उठतात. खांबाच्या माथ्यांवर तिहेरी जाडीच्या टोप्या. दोन पावसाळ्यांनंतर ठिगळं घासली आहेत, कव्हर नाही. ठिगळं बदलता येतात.

काठाला १० मिलिमीटर दोरीचा नेफा आणि दर ८० सेंटीमीटरला पट्टा व बकल, जे ट्रेलरच्या चौकटीला जातात. ट्रेलरवर राहणाऱ्या बोटीला हेच योग्य आहे. फायबरला एकही भोक पाडावं लागत नाही. इथे कामात खरी चूक झाली. पट्टे पॉलीप्रोपिलीनचे लावले गेले. ते स्वस्त आहेत आणि नवे असताना पॉलिएस्टरसारखेच दिसतात, पण उन्हात वर्षभरात पांढुरके होऊन पीठ सोडू लागतात. दुसऱ्या पावसाळ्याआधी सगळे बदलावे लागले. नायलॉनचेही नकोत, ते भिजल्यावर लांबतात आणि सर ओसरेपर्यंत कव्हर सैल पडलेलं असतं. पट्टा पॉलिएस्टरचाच, २५ मिलिमीटरचा, हे ऑर्डरमध्ये लिहूनच घ्यावं.

पाण्यात नांगरून ठेवलेल्या बोटीला टिच बटणं लागतात. ती ३१६ दर्जाच्या स्टेनलेसची मागावीत. ३०४ वर खारात तांबूस डाग येतात आणि निकेल चढवलेलं पितळ एकदा खरवडलं की हिरवं पडतं. दोन बटणांत १५ ते २० सेंटीमीटर अंतर. फायबरमध्ये भोक पाडताना आधी जेलकोटची कड किंचित उतरती करून घ्यावी, नाहीतर स्क्रू आवळताना ताऱ्यासारखी तड जाते. भोकात सीलंट हवंच. बटण उघडताना कापड ओढू नये, बटणाच्या कडेला बोट घालून उचकटावं. महिन्यातून एकदा किंचित व्हॅसलीन.

मागच्या बाजूला आत जाण्यासाठी चेन आहे: प्लास्टिकच्या जाड दातांची, १० नंबर, वर पावसाची पट्टी. सरकपट्टी धातूची असली तर खाराने जाम होते. इथे प्लास्टिकची आहे, चांगली चालते. मेणबत्ती घासत राहावी.

हवाझडपा दोन आहेत, जाळी लावलेल्या, वर कडक टोपण असलेल्या. पहिल्या ट्रायलला दोन्ही मागच्या भागात लावल्या होत्या. हवा खेळायला एक नाळेकडे आणि एक मागे लागते, दोन्ही उंच जागी. एकाच बाजूच्या दोन झडपा म्हणजे एकच झडप. ट्रायलला सांगितल्यामुळे एक पुढे हलवली आणि जुनं भोक ठिगळाने बंद केलं. ट्रायल झाली नसती तर हे पावसाळ्यातच कळलं असतं. म्हणून शेवटची दुमड आणि पट्टे लावण्याआधी कव्हर बोटीवर चढवून पाहण्याची अट आधीच घालावी. कारागीर मुंबईचा आणि बोट तळकोकणात असेल तर त्याच्या येण्याजाण्याचा खर्च वाढतो, पण तो वाचवण्यासारखा नाही.

मोटरचं टोपण वेगळं ठेवलं हेही बरोबर. मोटर उभी, खाली सोडलेली असावी म्हणजे आतलं पाणी निथळतं. आणि बोटीच्या तळाचा प्लग काढून नाळ थोडी उंच ठेवावी. कव्हर कितीही चांगलं असलं तरी चार थेंब आत जाणारच, त्यांना बाहेर वाट हवी.

माडाखाली बोट ठेवणाऱ्यांसाठी: झावळी किंवा नारळ पडला तर कुठलंही कापड टिकणार नाही. ट्रेलर चार हात सरकवणं हाच उपाय. आंब्याचा चीक आणि वटवाघळांची विष्ठा लगेच गार पाण्याने धुवावी, वाळली की डाग बसतो.

धुण्यासाठी सौम्य साबण, गार पाणी, मऊ ब्रश. कपड्यांची पावडर वापरली की पाणी झटकण्याचा गुण जातो. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी कापडावर नाही, कापडावरच्या मळावर वाढलेली असते. ४ लिटर पाण्यात २४० मिली ब्लीच आणि ६० मिली सौम्य साबण, १५ मिनिटं ठेवून घासावं आणि वास जाईपर्यंत भरपूर पाण्याने धुवावं. ॲक्रिलिकला हे चालतं. सुती कॅनव्हासवर असं कधीच करू नये. धुऊन वाळल्यावर पाणी टाकून पाहावं. थेंब न घरंगळता पसरत असेल तर फ्लोरिनयुक्त पाणीरोधक फवारा द्यावा. ओलं कव्हर घडी घालून ठेवलं तर दोन दिवसांत कुबट वास येतो, तो पुन्हा जात नाही.

हे साठवणुकीचं कव्हर आहे, प्रवासाचं नाही. मुंबई-गोवा महामार्गावर ट्रेलर ओढताना ते काढून ठेवावं, किंवा खांब उतरवून, कव्हर बोटीवर घट्ट बसवून सगळे पट्टे आवळावेत. फडफडणारा एक मोकळा कोपरा शंभर किलोमीटरमध्ये शिवण उसवतो. चक्रीवादळाचा इशारा असेल तेव्हाही कव्हर उतरवावं. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या दोन्ही वेळी कोकण किनाऱ्याने तो वारा पाहिला आहे. अशा वाऱ्यात कव्हर हे शीड बनतं आणि ट्रेलरसकट बोट उलटवू शकतं. प्लग काढलेल्या बोटीत पाऊस पडला तर तो वाहून जाईल. बोट जमिनीत रोवलेल्या खुंट्यांना बांधावी, बाकी सगळं सुटं सामान घरात.

किंमत मागताना एकच आकडा घेऊ नये. कापड किती मीटर आणि कुठल्या कंपनीचं, दोरा कुठला, धातूचा दर्जा, पट्ट्याचा प्रकार, ट्रायल आणि आधाराचे खांब धरलेत की नाही, असं वेगवेगळं लिहून घ्यावं. मशीद बंदरच्या ताडपत्रीवाल्यांकडे चौकोनी कव्हर एका दिवसात मिळतं आणि ते या खर्चाच्या एका छोट्या भागात होतं. बोट शेडमध्ये उभी राहणार असेल, तर तेच घ्यावं. मापाने शिवलेलं तिथे वाया जाईल. उघड्यावरच्या बोटीला मात्र हे कव्हर आम्ही निःशंक सुचवतो, पट्ट्यांची चूक धरूनही.

ऑर्डर फेब्रुवारीत द्यावी. एप्रिल-मेमध्ये सगळे ताडपत्रीवाले घरांच्या पडव्या आणि गोठ्यांच्या कामात असतात आणि ट्रायलची घाई होते. उरलेलं कापड आणि त्याच दोऱ्याची एक रीळ मागून घ्यावी. ठिगळ भोकापेक्षा चारी बाजूंनी ३ सेंटीमीटर मोठं, कोपरे गोल कापलेले, आणि त्याची वरची कड आधी शिवायची.